राखेच्या टेकड्यांची कुळकथा

हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या संग्रहालयात गर्दी असते ती इजिप्तच्या ममीभोवती. सहाव्या निजामाच्या जावयानं ती विकत घेतली, सातव्या निजामाला नजर केली आणि १९३० च्या सुमारास ती इथे आली. अडीच हजार वर्षांची बाई म्हणून शाळेतली पोरं काचेला नाक लावून तिच्याकडे बघत असतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की हिच्याहून दीड-दोन हजार वर्षांनी जुनी अशी एक गोष्ट आपल्याच मुलखात आहे. ती पाहायला महबूबनगरवरून मखतलच्या बाजूला, कृष्णेच्या अंगानं जावं लागतं. तिथे उटनूर नावाचं गाव आहे. आदिलाबादेतलं गोंडांचं उटनूर वेगळं, हे दक्षिणेकडचं. या गावाजवळ जे आहे ती नुसती राख आहे. शेणाची राख.

अशा राखेच्या टेकड्या रायचूर, बळ्ळारी, सुरपूर, अनंतपूर आणि महबूबनगर या सलग पट्ट्यात विखुरल्या आहेत. आजवर शंभराच्या आसपास नोंदल्या गेल्या. काही जेमतेम कमरेइतक्या उंच, तर बळ्ळारीजवळच्या कुडतिनीसारख्या काही दोन-तीन मजली घराएवढ्या. त्यात मऊ करडी राख असते, तिच्यात पांढुरके थर असतात आणि मध्येच काचेसारखा वितळून घट्ट झालेला, भोकाभोकांचा खंगर लागतो. अशी टेकडी गावाशेजारी असली की तिच्याविषयी कथा तयार होणारच. हंपीसमोरच्या निंबापूरची राख म्हणजे वालीची चिता, असं तिथे आजही सांगतात. दुसरीकडे ती भीमानं मारलेल्या राक्षसाची राख असते, तिसरीकडे ऋषींच्या यज्ञाची. या कथांचा मला आदर वाटतो. सांगणाऱ्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती: इथे फार मोठी आग पेटली होती आणि ती आपोआप लागलेली नव्हती.

साहेबांना मात्र हे कोडं सुटता सुटेना. मद्रास फौजेतल्या कॅप्टन न्यूबोल्डनं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बळ्ळारीजवळच्या कुपगलची टेकडी खणून पाहिली. पुढे रॉबर्ट सिवेलनं या राखेचा संबंध विजयनगरच्या काळातल्या प्रचंड सामूहिक दहनांशी जोडला. कुणाला त्या खंगरात धातू गाळण्याच्या भट्ट्या दिसल्या. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूवैज्ञानिक तेवढा बरोबर वाटेवर होता. भारतातली पुराश्मयुगीन हत्यारं पहिल्यांदा ओळखणारा माणूस तो. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्याला पहिली हातकुऱ्हाड सापडली होती. राखेच्या आसपास त्याला घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या, गुरांची हाडं मिळाली. आफ्रिकेतल्या काटेरी कुंपणाच्या गोठ्यांची त्याला आठवण झाली आणि ही नवाश्मयुगातल्या गुराख्यांची शेणाची राख आहे, असं त्यानं ठामपणे मांडलं. बहुतेकांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला. शेणाची राख इतकी? आणि ती वितळेल कशी?

उत्तर गवतात होतं. गवताच्या पात्यात वाळूचाच घटक, म्हणजे सिलिका, भरलेली असते. म्हणून तर पात्यानं बोट कापतं. गाय गवत खाते, पण सिलिका पचत नाही. ती शेणात जशीच्या तशी उतरते. वाळलेल्या शेणाचा मोठा ढीग पेटला की वरून राख धरते आणि आत धग कोंडून राहते. तापमान हजार अंशांच्या आसपास गेलं की राखेतल्या क्षारांच्या संगतीनं सिलिका वितळते आणि थंड होताना काच बनते. १९६० मध्ये झॉयनर या शास्त्रज्ञानं राखेचं प्रयोगशाळेत परीक्षण करून ती शेणाचीच असल्याचं दाखवलं. फूटला जाऊन तेव्हा जवळजवळ अर्धं शतक झालं होतं.

त्याच सुमारास हैदराबादेत दुसरं काम पुरं होत होतं. रेमंड ऑलचिन हा तरुण इंग्रज पुरातत्त्वज्ञ १९५२ मध्ये हैदराबाद राज्याच्या रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूरजवळच्या पिकलीहाळला उत्खनन करून गेला होता. १९५७ मध्ये तो उटनूरला आला. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले होते. रायचूर-गुलबर्गा म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे, तेलंगणा आंध्रकडे. पण राखेच्या टेकड्यांना या सीमा ठाऊक नव्हत्या, आणि हैदराबादच्या पुरातत्त्व खात्यानंही त्या फार मनावर घेतल्या नाहीत. पिकलीहाळ म्हैसुरात गेलं तरी त्याचा अहवाल १९६० मध्ये आंध्र सरकारनं हैदराबादेतूनच छापला, आणि १९६१ मध्ये उटनूरचाही. त्या खात्याची ही निष्ठा मला मोलाची वाटते.

उटनूरला ऑलचिननं टेकडी वरपासून तळापर्यंत कापली आणि एकेक थर वाचला. तळाशी त्याला खांब रोवल्याचे खड्डे ओळीनं मिळाले. त्या ओळी जोडल्यावर एकात एक अशी दोन कुंपणं उभी राहिली. आतल्या कुंपणात गुरं, आणि आतल्या-बाहेरच्या कुंपणांमधल्या पट्ट्यात माणसांच्या झोपड्या. म्हणजे गाव गोठ्याभोवती गुंडाळलेलं होतं. कुंपण जळालेलं होतं. जळाल्यावर पुन्हा बांधलेलं होतं, आणि पुन्हा जाळलेलं. असं अनेकदा. आणि एका थरात, मऊ राखेत उमटून घट्ट झालेले, गुरांच्या खुरांचे ठसे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातला एक कळप तिथून चालत गेला होता आणि त्याची पावलं उरली होती. गोठ्याचा याहून थेट पुरावा कोणता हवा होता?

या गावातल्या दिवसाची थोडी कल्पना करता येते, कारण नंतरच्या उत्खननांनी बरंच भरून काढलं आहे. यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा वाटा मोठा. के. पद्दय्या मूळचे आंध्रातले, पण त्यांची सारी कारकीर्द पुण्यात गेली. १९६५-६६ मध्ये त्यांनी सुरपूरच्या दुआबात कोडेकल खणलं आणि १९८९ पासून बुदिहाळला अनेक हंगाम काढले. हा दुआब म्हणजे कृष्णा आणि भीमा यांच्या मधला टापू, निजामाच्या मुलखातला. एके काळी मेडोज टेलर हा ब्रिटिश अधिकारी तिथे कारभारी होता आणि फावल्या वेळात महापाषाणीय थडगी उकरत होता. पद्दय्यांचं वैशिष्ट्य असं, की ते राखेपाशी थांबले नाहीत. राखेच्या कडेला माणसं राहत होती कुठे, काम करत होती कुठे, जेवत होती कुठे, हे त्यांनी शोधलं.

बुदिहाळला राखेशेजारी वस्तीच्या खुणा मिळाल्या. चर्ट या टणक दगडाची पाती काढण्याची जागा मिळाली. तिथे छिलक्यांचा खच पडला होता. आणि एक तयार केलेली जमीन मिळाली, हाडांनी आणि दगडी हत्यारांनी भरलेली. तिथे जनावरं कापली जात, एकाच घरापुरती नव्हे तर पुष्कळांसाठी. हे स्पष्ट लिहायला हवं. दख्खनचे हे पहिले शेतकरी-गुराखी आपली गुरं खात होते. त्याच गुरांची चित्रं ते काळजीपूर्वक दगडावर कोरत होते. कुपगलच्या डोंगरावर लांब शिंगांचे, उंच वशिंडाचे बैल शेकड्यांनी टोचून काढलेले आहेत. तिथल्या काही शिळा ठोकल्या की घंटेसारख्या वाजतात आणि त्यांवर ठोकल्याच्या जुन्या खुणा आहेत. मस्की-पिकलीहाळला मातीचे छोटे बैल मिळाले. खाणं आणि पूजणं या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

घरं गोल. कुडाच्या भिंती, वरून माती लिंपलेली. घरात हातानं घडवलेली, घासून चकचकीत केलेली करड्या रंगाची मडकी. दारात नाहीतर जवळच्या खडकावर दळण्याची जागा. ग्रॅनाइटच्या कातळावर वापरून वापरून पडलेले ते लांबट खळगे त्या टापूत आजही दिसतात. लहान मूल गेलं तर त्याला मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. ही शेवटची रीत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी दीर्घ काळ उत्खननं केली, हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकरांच्या पिढीनं. तिथेही घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत तान्हं मूल. इनामगाव उटनूरहून बरंच अलीकडचं. पण लेकराला घरापासून दूर न्यायचं नाही, ही ओढ कृष्णेकाठी आणि घोडकाठी एकच होती.

चुलीवर काय असे? इथे वनस्पतींच्या जळक्या दाण्यांचा अभ्यास कामी आला. बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू-कुपगल भागात रवी कोरिशेट्टर आणि डोरियन फुलर यांच्या चमूनं माती पाण्यात चाळून दाणे वेचले. त्यांत सातत्यानं चार धान्यं येत राहिली. दोन बारीक तृणधान्यं: तेलुगूत अंडुकोर्रा म्हणतात ते एक, आणि कपड्याला चिकटणाऱ्या केसाळ कणसाचं, आज तण समजलं जाणारं गवत हे दुसरं. आणि दोन कडधान्यं: मूग आणि हुलगा. चारही इथलीच. सिंधूकडून गहू आला म्हणून दख्खनेत शेती सुरू झाली, असं आपण शाळेत अर्धवट ऐकलेलं असतं. दाणे वेगळं सांगतात. गुरं, शेळ्या, मेंढ्या यांची वाट उत्तरेकडून आली, पण इथल्या पहिल्या शेताचं बियाणं इथल्याच माळावरचं होतं.

हुलग्यावर थोडं थांबतो. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, मराठवाड्यात ज्याच्या पिठाचे शेंगोळे करतात, हैदराबादेत ज्याचा उलवचारु आता बिर्याणीवरही ओतला जातो, तोच हा. सुमारे चार हजार वर्षं या पठारावर सलग खाल्लं जाणारं दुसरं अन्न शोधायला वेळ लागेल. त्याचा स्वभाव पाहा. दोन पाऊस पडले तरी येतो. मुरमाड जमिनीत येतो. आणि मुळांवरच्या गाठींत स्वतःचं नत्र स्वतः धरतो, म्हणून खत मागत नाही. या शेवटच्या गुणाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता त्या आगीचा प्रश्न. मोठी गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण टाकते. दोनशे गुरांच्या गोठ्यात रोज दोन टन. गोठा हंगामापुरता असला तरी ढीग डोंगरासारखा वाढणार, माश्या-गोचिडी होणार, पावसात चिखल होणार. जाळणं हा सोपा उपाय. पण नुसती सफाईच करायची असती तर शेण थोडं थोडं, हवं तेव्हा जाळलं असतं. इथे ते साचू दिलं, आणि मग एकदम पेटवलं. त्याच जागी पुन्हा साचू दिलं, पुन्हा पेटवलं. दुसऱ्या ठिकाणी गोठा हलवणं सोपं असूनही त्याच राखेवर पुन्हा बांधला. म्हणून ती टेकडी वाढली. बापानं पेटवलेली आग आजोबाच्या आगीच्या वर बसत गेली. अलीकडच्या अभ्यासकांना या टेकड्या मुद्दाम उभारलेली स्मारकं वाटतात, लांबून दिसावीत अशी. सफाई की सोहळा, असा हा प्रश्न विचारणंच मला पटत नाही. होळीला आपण वाळका पाचोळाही जाळतो आणि नैवेद्यही दाखवतो. दोन्ही एकाच आगीत.

ऑलचिनचा तर्क होता, की ही आग ऋतू बदलताना, कळप चरणीला निघताना किंवा परतताना पेटवली जात असावी. त्यानं गुराढोरांच्या आजच्या सणांकडे बोट दाखवलं: होळी, दिवाळी, संक्रांत. हैदराबादेत राहणाऱ्याला हा तर्क फार जवळचा वाटतो. भोगीच्या पहाटे इथल्या गल्ल्यांत आग पेटते आणि मुलं तिच्यात शेणाच्या छोट्या वाळक्या चकत्यांची माळ टाकतात. त्यांना भोगी पिडकलु म्हणतात. विदर्भात होळीसाठी मुलं अशाच भोकाच्या चाकोल्या थापून सुतळीत ओवतात. म्हैसूर-मंड्याकडे संक्रांतीच्या संध्याकाळी सजवलेली गुरं पेटत्या आगीवरून उडवतात. दिवाळीनंतर हैदराबादचे यादव सदर नावाच्या सणाला रेडे नाचवतात, काळेभोर, तेल लावून चमकवलेले. शेण, आग, ढोरं आणि ऋतूची कूस बदलण्याची वेळ: चौघं ठिकठिकाणी एकत्र येतात.

म्हणून होळी थेट उटनूरहून आली असं म्हणावं का? मी म्हणणार नाही. शेवटची टेकडी विझली तेव्हापासून आजपर्यंत तीन हजारांहून जास्त वर्षं गेली. मध्ये लोखंड आलं, भाषा बदलल्या, देव बदलले. पण गुरं पाळणाऱ्या माणसाच्या आयुष्यात शेण रोज येतं, ते जळतं, त्याच्या धुरानं गोचिडी पळतात आणि राख अंगाला लावता येते, या गोष्टी बदललेल्या नाहीत. गरज तीच, पठारही तेच, तर सवयही टिकली असणं मला संभाव्य वाटतं. सिद्ध झालेलं नव्हे, संभाव्य.

खरं नवल आग लागण्याचं नाही, ती थांबण्याचं आहे. दक्षिणेतलं नवाश्मयुग साधारण इ.स.पू. ३००० ते १२०० असं धरतात. त्याच्या पहिल्या भागात राखेच्या टेकड्या वाढत होत्या. दुसऱ्या सहस्रकात त्या हळूहळू बंद पडत गेल्या. लोक कुठे गेले नाहीत. उलट गावं मोठी झाली. संगनकल्लूला ग्रॅनाइटच्या डोंगरावर लोक ठाण मांडून राहिले आणि त्यातल्याच हिरेगुड्डावर डोलेराइटच्या कुऱ्हाडी घडवण्याचं मोठं काम चालू झालं. चाकावरची मडकी आली. तांबं आलं, सोनंही. तेक्कलकोट्याला सोन्याचे दागिने मिळाले. शेतात गहू आणि जव आले, पूर्वेकडून तूर आली, वाल आला, आफ्रिकेहून बाजरी आणि पुढे ज्वारी. कळपाच्या मागे फिरणारं गाव आता शेताच्या मागे बसू लागलं होतं.

आणि इथे हुलग्याचा तो गुण आठवावा लागतो. पहिल्या शेतकऱ्यांची पिकं खत मागत नव्हती. मूग-हुलगा स्वतःचं भागवत होते, बारीक तृणधान्यं माळावरही तगत होती. म्हणून शेणाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि ते जाळता येत होतं. ज्या दिवसापासून एकाच रानात वर्षानुवर्षं पेरायची वेळ आली, आणि गहू-जवासारखी भुकेली पिकं त्या रानात शिरली, त्या दिवसापासून पेटवलेल्या ढिगात माणसाला पुढच्या सालची कणसं जळताना दिसू लागली असणार. हा माझा तर्क आहे, पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही. शेणाचा मालक बदलला. ते आगीचं होतं ते रानाचं झालं. घरापुढच्या उकिरड्याला आपण आज जो मान देतो, त्याची सुरुवात मला त्या बदलात दिसते. सारवणाला थोडं, गोवऱ्यांना थोडं, बाकीचं खताला. होळीला आणि भोगीला उरल्या त्या चाकोल्या: जुन्या आगीचा तळहातावर मावेल एवढा वाटा.

त्या टेकड्यांची राख आता शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेतात. त्यातले क्षार पिकाला मानवतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कुपगलच्या बैलांच्या शिळांना दगडाच्या खाणी भिडल्या आहेत, आणि तो प्रकार मला सहन होत नाही. खडी दुसरीकडे मिळू शकते, चार हजार वर्षांपूर्वीचा बैल मिळत नाही. राख नेणाऱ्या शेतकऱ्यावर मात्र माझा राग निघत नाही. त्याच्या रानाला खत हवं आहे आणि गावच्या वेशीवर ते पडलेलं आहे. त्याला कुणी येऊन सांगितलं पाहिजे, की या ढिगाच्या पोटात कुंपणाचे खड्डे असतात, खुरांचे ठसे असतात, कडेला मडक्यात निजवलेली लेकरं असतात. उटनूरचा अहवाल हैदराबादेत छापला गेला तो इंग्रजीत. तेलुगू, कानडी, मराठीत ही गोष्ट गावात पोचेल इतक्या सोप्या भाषेत छापायला अजूनही हरकत नाही.

आगीकडून रानाकडे गेलेला तो वाटा आजही रानाला मिळताना दिसतो. फलटणकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात थांबवून घेतो. रात्री मेंढरं शेतात बसवायची, सकाळी उठवायची. लेंड्या आणि मूत रानात राहतं. बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. तेलंगणात कुरुम मेंढपाळांचे कळपही असेच शेताशेतांतून बसतात. दिवस मावळता मावळता बांधावर बोली चालते: मेंढरं किती, रात्री किती, आणि जवारी किती पायली.